तोंड सोडून बाकी सगळं

सहाणेवर हळकुंड फिरल्याचा खर्रर्र आवाज झाला आणि सकाळपासून घरात साचलेली शांतता मोडली. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, बाळगुटी उगाळत होत्या.

शांतता नानांची होती. नाना माझे सासरे. विट्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, नुकतेच निवृत्त झाले होते. ज्या माणसानं उभी हयात लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारल्या तो घरात गप्प बसला की शेजारचे येऊन विचारायचे, सगळं बरं आहे ना. त्या दिवशी नाना पंचांग, पट्टी आणि दोन चष्मे घेऊन सकाळी व्हरांड्यात बसले ते बसलेच. त्यांच्यापुढे माझ्या मुलीची पत्रिका होती. मुलगी माझ्या मांडीवर होती. तिला अजून नावही नव्हतं.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरी झालं. श्रीरंग, माझा नवरा, तेव्हा जामनगरला एका कारखान्यात नोकरीला होता. मुलगी तारखेच्या आधीच आली आणि त्याला रजा मिळेपर्यंत चांगली आठवडाभराची झाली. दुसऱ्या दिवशी तो यायचा होता, तिला पहिल्यांदा बघायला. त्या दिवशी गाऊन घालायचा नाही, साडी नेसायची, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

खर्रर्र थांबलं. माई म्हणाल्या, "काय आहे ते एकदा सांगून टाका. पोरीला गुटी पाजायची आहे."

गुटीचा आणि पत्रिकेचा काही संबंध नव्हता. पण माईंची बोलायची रीतच तशी होती.

नानांनी एक चष्मा काढून दुसरा लावला. "रवी-शनी प्रतियोग," ते म्हणाले. "अंशाला अंश."

माईंनी हळकुंड खाली ठेवलं आणि पदरानं हात पुसले. हात कोरडेच होते.

मला पत्रिकेतलं काही कळत नव्हतं. लग्नाच्या वेळी माझी पत्रिका हरवली आहे असं बाबांनी सांगितलं होतं आणि ती खरंच हरवली होती, त्यामुळे प्रश्न मिटला होता. मी विचारलं, म्हणजे काय. नानांना कुणी असं विचारलं की बरं वाटायचं. ते आकाशातलं सगळं एसटीच्या भाषेत समजावत. चंद्र म्हणजे लोकल गाडी, सव्वादोन दिवसांत पुढच्या स्टँडवर. शनी म्हणजे मुक्कामी गाडी, एकेका ठिकाणी अडीच अडीच वर्षं. सगळा फेरा करून तीस वर्षांनी परत त्याच फलाटाला लागते. आणि रवी म्हणजे बाप. शनी त्याचाच मुलगा, पण दोघांचं कधी पटलं नाही.

"आता असं समज सूनबाई, की अरुंद घाट आहे," नाना म्हणाले. "दोन गाड्या समोरासमोर आल्या. रस्ता एकीपुरता. दोन्ही ड्रायव्हर एकाच घरातले, त्यामुळे मागं कुणीच घेत नाही."

"मग?"

"मग अपघात."

"कुणाला?"

"बापाच्या गाडीला," असं म्हणून नानांनी पंचांग मिटलं.

निर्णय असा झाला. पुढच्या महिन्यात मुलीचं जन्मनक्षत्र परत येईल त्या दिवशी गुरुजींना बोलावून शांती करायची. काशाच्या वाटीत तूप घालून बापानं आधी तुपात लेकराचं तोंड बघायचं, मग समोरून. तोवर श्रीरंगनं मुलीचं तोंड बघायचं नाही. श्रीरंगची रजा त्याच्या कितीतरी आधी संपत होती.

मी म्हटलं, नाना, मुलगी आहे हो ती, तुमचा शनी तर मुलगा. नाना म्हणाले, शनीला मुलगा-मुलगी कळत नाही. मी म्हटलं, तो एवढ्या लांबून येतोय.

"येऊ दे की. गाडीला स्टँडात यायला बंदी नाही," नाना म्हणाले. "फलाटाला लागू नये, एवढंच."

त्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा मला एक गोष्ट चमत्कारिक वाटली होती. जेवायच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या एकाच बाजूला. टेबल लांब, समोर भिंत, आणि आम्ही चौघं ओळीनं भिंतीकडे तोंड करून जेवायचो. मला वाटलं, जागा कमी असेल. जागा भरपूर होती. मग हळूहळू लक्षात आलं की नाना आणि श्रीरंग कधीच एकमेकांच्या समोर बसत नाहीत. शेजारी बसतात, भाजी वाढतात, कुठली गाडी बंद झाली ते बोलतात, पण भिंतीशी. श्रीरंगला विचारलं तर तो हसला. म्हणाला, माझ्या पत्रिकेत बापाला धोका लिहिलाय. म्हणून नाना मला लांबून रामराम करतात.

तो हसून सांगायचा, पण दर वेळी सांगायचा. तो शाळेतून घरी येई तेव्हा नाना ड्युटीवर गेलेले असत आणि नाना येत तेव्हा हा झोपलेला असे. सगळे कंट्रोलर सकाळची पाळी मिळावी म्हणून साहेबांच्या मागे असत. नानांनी स्वतः अर्ज करून दुसरी पाळी कायमची मागून घेतली होती. शाळेच्या बक्षीस समारंभाला आले तर मागच्या दारापाशी उभे राहायचे आणि बक्षीस घेऊन हा वळला की निघून जायचे.

आणि जिवाला तर इतके जपायचे की कॉलनीतली पोरं म्हणायची, यम आला तर नाना त्याला टाइमटेबल दाखवून परत पाठवतील. वैशाखातही गळ्यात मफलर. मोटारसायकलवर जन्मात बसले नाहीत. तासगावची द्राक्षं आली की सुरीनं एकेक द्राक्ष उभं चिरून, बी काढून खायचे. बिनबियांची द्राक्षंसुद्धा. रक्तदाब दर सोमवारी. डॉक्टर म्हणायचे, अहो नाना, तुम्हाला काही झालेलं नाही. नाना म्हणायचे, होऊ नये म्हणूनच आलोय.

श्रीरंगला त्या मफलरचा राग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो आला. मी आतल्या खोलीत साडी नेसून, केस विंचरून बसले होते. बाळंतिणीच्या खोलीला पडदा होता. पडद्याबाहेर, बरोबर दारात, नानांनी खुर्ची टाकली होती आणि ते पेपर वाचत होते. त्यांनी कुणाला अडवलं नव्हतं. फक्त खुर्ची तिथे होती.

श्रीरंगच्या चपलांचा आवाज आला, पिशवी ठेवल्याचा आला. माईंनी त्याला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. मग तो दारापाशी आला.

"नाना, बाजूला व्हा."

"माईनं सांगितलं ना?"

"सांगितलं. मी मानत नाही."

"मानू नकोस," नाना म्हणाले. "मानू नकोस, पण थांब."

"तुम्हाला तुमच्या जिवाची भीती असेल. मला माझ्या जिवाची नाही."

नानांनी पेपरचं पान उलटलं. त्या पानावर निविदा सूचना होत्या. त्या त्यांनी वाचल्या. मला पडद्याखालून चार पाय दिसत होते, दोन नानांचे, मोज्यातले, आणि दोन श्रीरंगचे, प्रवासानं मळलेले. बराच वेळ कुणाचेच हलले नाहीत. मग मळलेले पाय वळले. जाता जाता श्रीरंग माईंना म्हणाला की संध्याकाळच्या गाडीनं तो परत जाईल. या घरात बापानं लेकराकडे बघायची पद्धत नाही हे तो विसरला होता, लक्षात आणून दिलं ते बरं झालं.

मुलगी झोपली होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मला एकच गोष्ट दिसत होती. ही मोठी झाली आहे, लांब टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसली आहे, आणि शेजारच्या खुर्चीवर हिचा बाप तिला आमटी वाढतो आहे.

दुपारी माईंनी मला न्हाऊ घातलं आणि शेक द्यायला शेगडी खाटेखाली सरकवली. निखाऱ्यावर ओवा टाकला. धुरात दोघींचेही डोळे चुरचुरायला लागले, त्यामुळे रडायला अडचण नव्हती. मी म्हटलं, माई, एवढं काय घाबरतात हो नाना मरणाला.

माई थोडा वेळ निखारे खालीवर करत राहिल्या.

"मरणाला नाही गं घाबरत," त्या म्हणाल्या. "ह्यांचे वडील गेले तेव्हा हे पाळण्यात होते. आटपाडीला. धडधाकट माणूस, दोन दिवस ताप आला आणि गेला. मग कुणीतरी ह्यांची पत्रिका मांडली. रवी-शनी समोरासमोर. झालं. बाप खाल्ला म्हणाले."

मी उठून बसायला लागले. माईंनी खांदा दाबून परत झोपवलं, शेक पुरा व्हायचा होता.

"सख्खी आजी म्हणायची. पंगतीत पहिल्या ओळीत बसू देत नव्हते. भावकीत नवीन बाळ झालं की ह्यांना माडीवर कोंडायचे, नजर पडायला नको म्हणून. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे, पोतदार, बापखाऊ. पोरं हजर म्हणायची, ह्यांच्याऐवजी."

"आणि श्रीरंग?"

"त्याचीही पत्रिका तीच निघाली. तीस वर्षांनी ती गाडी परत येतेच म्हणतात. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला म्हणाले, मी लवकर मेलो तर ह्याला तेच नाव पडेल. तेव्हा मरायचं नाही. आणि मरायचं नाही तर समोर यायचं नाही. दोन गोष्टी ठरवल्या आणि तशाच पाळल्या. तुला द्राक्षांचं हसू येतं. मला नाही यायचं."

"शांती नाही केली?"

"केली की. गुरुजींनी तुपाची वाटी समोर धरली. ह्यांनी डोळे मिटले. गुरुजींना वाटलं, भक्तीनं मिटले."

मी विचारलं, श्रीरंगला हे कधीच का नाही सांगितलं. माई म्हणाल्या, काय सांगायचं? ते नावच त्याच्या कानावर जाऊ नये म्हणून तर एवढं सगळं. बाप भित्रा आहे असं वाटलं तर वाटू दे म्हणाले. माझ्याकडून शपथ घेतली होती.

"मग मला कसं सांगितलंत?"

"शपथ श्रीरंगला न सांगायची होती," माई म्हणाल्या. "तुझं नाव त्यात नव्हतं." आणि शेगडी उचलून गेल्या.

संध्याकाळी नाना नेमानं फिरायला जायचे, कॉलनीच्या कडेकडेनं, वाहनांकडे तोंड करून. ते गेल्यावर श्रीरंग पिशवी घेऊन पडद्यापाशी आला. खुर्ची रिकामी होती. आता त्याला कुणीच अडवणार नव्हतं. पडद्याच्या कडेला त्याची बोटं दिसली.

मी म्हटलं, "थांब. आधी ऐक."

"अनुजा, मला गाडी आहे."

"ऐकून जा."

मी सांगितलं. माईंनी सांगितलं तसंच सांगितलं, आटपाडी, ताप, आजी, पंगत, माडी. हजेरीचं सांगताना मला ते नाव तोंडातून काढवेना, पण काढलं, कारण त्याशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती. पडद्यापलीकडे खुर्ची करकरली. तो बसला होता.

त्यानं विचारलं, "सगळी मुलं म्हणायची? हजर म्हणून?"

"हो."

मुलगी झोपेत चुळबुळली. आत येऊन तिला उचलून घ्यायला त्याला एक पाऊल पुरलं असतं. मी वाट बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्यानं यावं की येऊ नये ते मला तेव्हा कळत नव्हतं.

"शांती कधी आहे?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.

"साहेबांना फोन करतो."

"तू मानतोस हे?"

"छे," तो म्हणाला. "पण मधेच माझा कुठं पाय घसरला तर हिला कुणी ते नाव ठेवायला नको. आणि नानांना ते परत ऐकायला लागायला नको."

त्यानं व्हरांड्यात जाऊन फोन केला. घरात एक जण सिरियस आहे असं त्यानं सांगितलं आणि पलीकडून कोण म्हणून विचारलं असणार, कारण श्रीरंग म्हणाला, "सगळेच आहेत साहेब." रजा बिनपगारी मिळाली.

नाना फिरून आले तेव्हा पिशवी परत आत गेली होती. त्यांनी ती बघितली. मफलर काढून खुंटीला लावला, पुन्हा घेतला, पुन्हा लावला.

मग ते विचित्र दिवस सुरू झाले. दुसऱ्या सकाळी श्रीरंग व्हरांड्यात नानांच्या शेजारी जाऊन बसला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "नाना, मागून चालतं का?"

"काय मागून?"

"बघितलेलं. तोंड बघायचं नाही म्हणता. पाठ?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. नाना उठले, जाडजूड ग्रंथ आणला, दोन्ही चष्मे आलटून पालटून लावत पानं चाळली. दुपारी जेवताना भिंतीला म्हणाले, "पाठीचं काही लिहिलेलं नाही. तोंड सोडून बाकी सगळं बाप बघू शकतो."

त्या संध्याकाळी मी मुलीला खांद्यावर घेऊन दाराकडे पाठ करून उभी राहिले आणि माईंनी पडदा वर धरला. नाना देखरेखीला होते. श्रीरंगनं तिचं डोकं मागून बघितलं. मानेवरची लव बघितली. म्हणाला, भोवरा डावीकडे आहे, माझ्यासारखा. नाना म्हणाले, तुझा उजवीकडे आहे. श्रीरंगनं हात लावून बघितलं. उजवीकडेच होता. तो नानांकडे वळणार होता, पण वळला नाही. बक्षीस समारंभातल्या मागच्या दारातून माणसाला काय काय दिसत असेल, ते मला तेव्हा समजलं.

पुढच्या दिवशी पाय. पडद्याखालून मी दुपट्यातले दोन पाय बाहेर काढले आणि तो जमिनीवर पालथा पडून ते बघत राहिला. एका करंगळीला नखच नाही म्हणाला. मी म्हटलं, आहे, बारीक आहे. मग मूठ. मुठीनं त्याचं बोट धरलं आणि सोडेना, तेव्हा तो तसाच दाराबाहेर हात आत घालून जेवणाची वेळ होईपर्यंत बसून राहिला. माईंनी त्याला तिथंच ताट नेऊन दिलं, डाव्या हातानं जेवू नकोस म्हणून स्वतः घास भरवले. रात्री ती रडली की बाहेर दोन खाटा एकदमच करकरायच्या. बापलेक दोघंही उठून दारापर्यंत येत आणि पडद्यापाशी शेजारी शेजारी उभे राहत. मी आतून सांगायचे, भूक लागली होती, काही नाही. मग दोघं परत जात.

वासवाल्या पावडरीनं शिंका येतात, हे त्यानं नुसत्या शिंका ऐकून ओळखलं. तिचा एक एक भाग त्याला ओळखू यायला लागला, पण सगळे जोडून मुलगी कशी होते ते मात्र त्याला माहीत नव्हतं. एकदा त्यानं विचारलं, नाक कुणासारखं आहे. नाना व्हरांड्यातून म्हणाले, "नाक तोंडात येतं. सांगू नकोस."

शांतीच्या दिवशी थंडी मरणाची होती. गुरुजी स्कूटरवरून स्वेटर घालून आले आणि आल्या आल्या म्हणाले की त्यांना पुढे एक वास्तुशांत आहे. होम झाला. शनीचे तीळ झाले, रवीचा गूळ झाला. श्रीरंग पाटावर बसला होता, सोवळं नेसून, कुडकुडत. माईंनी काशाची वाटी त्याच्यासमोर ठेवली आणि गुरुजींनी मला खूण केली. मी मुलीला घेऊन मागून आले आणि त्याच्या उजव्या खांद्यावरून तिचं तोंड पुढे धरलं.

"बघा," गुरुजी म्हणाले.

श्रीरंग वाटीत बघत राहिला. "काही दिसत नाही."

"नीट बघा. मनोभावे."

"गुरुजी, तूप थिजलंय."

थिजलंच होतं. पांढरं, घट्ट, वर माईंच्या बोटाचा ठसा. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता घड्याळ बघायला लागले. माईंनी वाटी उचलून गॅसवर धरली, पदरानं धरून परत आणली, आणि नाना, जे इतका वेळ खांबाला टेकून लांब उभे होते, ते तूप पुरतं पातळ झालं की नाही हे बघायला पुढे आले. ते आमच्या मागे उभे राहिले आणि वाकले.

वाटी तशी मोठी होती. मी वरून बघत होते, मला सगळं दिसत होतं. पिवळ्या तुपात आधी आढं हललं, मग स्थिर झालं. मग माझ्या मुलीचं तोंड आलं, डोळे मिटलेलं, जांभई देणारं. शेजारी श्रीरंगचं. आणि दोघांच्या वर, मफलरसकट, नानांचं.

"दिसली," श्रीरंग म्हणाला. "नाक नानांचं आहे."

गुरुजी म्हणाले, झालं, आता बाळाला समोर घ्या, आशीर्वाद घेऊ. श्रीरंग हलला नाही. त्याला मागचा चेहरा दिसला होता. नानांचे डोळे उघडे होते. ते नातीकडे बघत नव्हते.

"नाना," श्रीरंग वाटीत बघत म्हणाला, "थांबा तसेच."

नाना थांबले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

"कानशिलावर पांढरे केस आलेत तुझ्या," नाना म्हणाले.

"दोन वर्षं झाली."

"मी बघितले नव्हते."

"बघा आता."

गुरुजींनी एकदा घसा साफ केला. मग पुन्हा केला. कडेनं तूप गढूळ व्हायला लागलं, एक पापुद्रा आत आत सरकत आला, आधी नानांचा मफलर गेला, मग श्रीरंगची हनुवटी. शेवटी काहीच दिसेना, पण दोघंही वाटीतून मान वर काढेनात. माईंनी वाकून वाटी उचलली आणि पुन्हा गॅसवर नेली. वास्तुशांत उशिरा झाली.

त्यानंतर घरात फार काही बदललं असं मी म्हणणार नाही. दोघं शेजारी बसूनच जेवत राहिले, सवयच ती. सणासुदीला श्रीरंग आला की नाना त्याला एवढंच विचारायचे, वजन का उतरलं. पण विचारायच्या आधी बघायचे.

नाना गेल्या माघात गेले. झोपेत. आदल्या सोमवारी रक्तदाब बघून आले होते, उत्तम होता. समाचाराला माणसं येत होती आणि श्रीरंग दारापाशीच बसला होता, प्रत्येकाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत. कुणी उठेपर्यंत त्याचे खांदे ताठ असायचे. सगळे तेच म्हणत होते. वय झालं होतं. नातवंड बघितलं. सोन्यासारखं मरण आलं. आटपाडीची एक फार म्हातारी चुलत आत्या आली, नानांच्या लहानपणची. ती बसली, चहा प्याली, श्रीरंगकडे टक लावून बघत राहिली. माई कपबशी घेऊन दारातच थांबल्या. आत्या म्हणाली, "अगदी बापावर गेलायस रे," आणि पिशवी घेऊन उठली. बस. दुसरं कुणी काही म्हणालं नाही. नानांनी वेळेवर गाडी पोचवली होती.

आमची शाल्मली आता पहिलीत आहे. तिला ही गोष्ट फार आवडते. विशेषतः बाबा पालथे पडून पाय बघतात ते. परवा रविवारी मी तिच्या वेण्या घालत होते आणि तिनं ती पुन्हा सांगायला लावली. आतापर्यंत आटपाडीचा भाग मी गाळत आले होते. या वेळी का कोण जाणे, सांगितला, ते नाव सोडून. ती रिबिनीचं टोक चघळत ऐकत होती.

"म्हणजे बाबांनी मला वाटीत बघितलं," ती म्हणाली.

"हो."

"आणि नानांनी बाबांना."

"हो. मान हलवू नकोस."

तिनं मान हलवली नाही. दुसरी वेणी अर्धी झाली होती. श्रीरंग समोर इस्त्री करत होता, त्याचा हात शर्टावर थांबला, तेव्हा मला कळलं की तोही ऐकतो आहे.

"मग नानांच्या बाबांनी नानांना बघितलं होतं का?" तिनं विचारलं.